न आटणारं पाणी

तुळजाजींच्या काचेच्या टाकीत शेवाळानं नुसता धुडगूस घातला होता. खाऱ्या पाण्यातले दोन नारिंगी मासे त्या हिरव्या गुंत्यात दिसेनासे झाले होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर हौसेनं मद्रासहून आणलेली टाकी! बाजारात परदेशी पंपही मिळू लागले होते, मग काय, स्वारी हरखूनच गेली होती.

"नवरात्रात इथंच कोलू मांडायचा, बाहुल्या बघायला बायका येतील," पत्नी वत्सलाबाईंनी बजावलं होतं. "तोवर हे हिरवं गेलं नाही तर मासे पापनाशमच्या डॉक्टरांकडे. त्यांनी मागितलेच आहेत."

तुळजाजी कामाला लागले. त्यांनी दिवा कमी लावला, खाऊ निम्म्यावर आणला. नागपट्टणमच्या किनाऱ्यावरून शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई आणल्या. त्या मेल्या. पुन्हा आणल्या, त्याही मेल्या, आणि त्या कुजल्यावर शेवाळ आणखीच माजलं. टाकीत तांबं गेलं तर गोगलगाई जगत नाहीत, असं दुकानदार म्हणाला होता. पण टाकीत तांब्याची तारसुद्धा नव्हती. मग?

एका दुपारी त्यांची नजर पाण्याच्या रेघेवर गेली. तंजावरच्या उकाड्यात पाणी आटायलाच हवं, पण ते तसूभरही उतरलं नव्हतं. आपण शेवटची भर कधी घातली, तेही त्यांना आठवेना. आता त्यांना चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेपर तोंडासमोर धरून बसले. पूजा आटोपून वत्सलाबाई आल्या. हातात चिंचेनं लख्ख घासलेला तांब्याचा चोंबू. टाकीचं झाकण उचलून त्यांनी हळूच पाणी ओतलं.

"घ्या रे. नळाचं नको तुम्हांला," त्या माशांना म्हणाल्या. "देवापुढचं आहे, चांगलं."

तुळजाजींना हसावं की रडावं कळेना. मासे घालवायला निघालेली बाई ती हीच का?

"वत्सला, अगं, तांबं!" त्यांनी सगळं सांगितलं.

वत्सलाबाईंनी हातातल्या चोंबूकडे पाहिलं. "अय्यो! म्हणजे मीच मारल्या त्या?"

इतके दिवस मनात घोकलेली भांडणं तुळजाजी विसरून गेले. त्यांना बायकोची फार माया वाटली.

"घरातलं सगळ्यांत चांगलं पाणी दिलंस तू," ते म्हणाले. "आता समुद्राचं नवं पाणी आणतो, थोडं थोडं बदलू. पण नवरात्रापर्यंत काही हे हिरवं जायचं नाही."

वत्सलाबाई आत गेल्या आणि स्टीलचा चोंबू घेऊन आल्या.

"एव्हरसिल्वर चालेल न?" त्यांनी विचारलं. मग टाकीत डोकावत म्हणाल्या, "कोलू यंदा आतल्या खोलीत मांडते."