तिसरी तार

देवरामकाकांचा टॉवर उतरवायला आम्ही तिघे शेणव्याला गेलो, तेव्हा सगळ्यात जास्त ऐटीत मी होतो. मी धनेश, वाशिंदच्या एका कारखान्यातला इलेक्ट्रिशियन. वर मी चढणार, म्हणून रुबाबही माझाच. सोबत मुरबाडची हेतल आणि सापगावचा सुदाम. आमची ओळख रेडिओवरची. हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांच्या नादी लागलेली माणसं एकमेकांना चेहऱ्याआधी आवाजाने ओळखतात आणि कुणाचा टॉवर उतरवायचा म्हटलं की हातातलं काम टाकून येतात.

काका वनखात्यात वायरलेसवर होते. अकरा वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. अंगणातला चाळीस फुटी टॉवर त्यांनी स्वतः उभा केलेला, तीन बाजूंनी तीन पोलादी तारांनी ताणून. आता त्याचे सांधे गंजले होते. "कोनाच्या डोक्यावर पडायच्या आधी उतरवा रे," असं त्यांनीच सांगितलं होतं.

आदल्या संध्याकाळी हेतलने ताण मोजायचा मीटर लावून तिन्ही तारा सारख्या आवळल्या होत्या. सकाळी मी कमरेला पट्टा कसला, हेल्मेट चढवलं, आणि काका आडवे आले. एकेका तारेवर टिचकी मारून ते कान लावत गेले. तिसरीपाशी थांबले.

"ही उतरलीय. चढू नको."

हेतलने मीटर लावला. ताण खरंच थोडा कमी होता.

"उन्हाने होतं असं, काका," म्हणत मी पान्याने दीड आटा दिला. काटा जागेवर आला. "झालं! चढू आता?"

"उन्हानं, तर मंग बाकीच्या दोन का नाय उतरल्या? धा मिन्टं थांब." तार चिमटीत धरून काका खाली बसले.

मला मनातून राग आला. मीटर बरोबर सांगतोय, मग हे काय चाललंय? पण वडीलधाऱ्या माणसाला काय बोलणार! पाय आपटत फेऱ्या मारल्या, इतकंच.

दहा मिनिटांनी काकांनी पुन्हा टिचकी मारली. या वेळी मलाही ऐकू आलं. मघाचा टणटणीत सूर खाली घसरला होता. हेतलने माझ्याकडे न बघता मीटर पिशवीत टाकला.

"तार सैल नाय होत," काका म्हणाले. "जमिनीतला गज तग धरत नाय. जपून खणा."

सुदामने खणलं. तार धरून ठेवणारा अंगठ्याएवढा जाड गज हातभर खाली गंजून करंगळीच्या निम्म्याइतका उरला होता. सुदामने पहार अगदी हळू बाजूला ठेवली. मी वर असतो तर तो तुटलाच असता. आम्ही डोळसांनी मीटरवर विश्वास ठेवला आणि जमिनीखालचं या माणसाने बोटांनी ऐकलं.

आम्ही तार अंगणाकडेच्या मोहाच्या झाडाच्या बुंध्याला साखळीने बांधली. आणखी दहा मिनिटं थांबायला या वेळी मीच सांगितलं.

मग मी चढलो. एक वॉकीटॉकी माझ्या खांद्याला होता, दुसरा काकांकडे. काका तिसऱ्या तारेवर हात ठेवून बसले होते, माझ्याकडे पाठ करून. तीस फुटांवर मी थांबलो.

"पाय कापतायत तुझे," खांद्याशी आवाज आला. "जरा दम घे."

खरंच कापत होते.

"उजवीकडं झुकलास. सरळ हो... हां, आता बरोबर."

माझी प्रत्येक हालचाल त्या तारेतून त्यांच्या हातात उतरत होती. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. भीती कुठच्या कुठे गेली. अँटेना उतरवली, वरचा तुकडा दोरीने खाली सोडला. उरलेल्या भागाला नायलॉनच्या दोऱ्या बांधल्या आणि तारा सोडायची वेळ आली.

"काका, तिसरी सोडतोय."

"सोड."

तार सळसळत खाली गेली. एकेक तुकडा सोडवत, दोऱ्या खाली घेत, दुपारी मी जमिनीला लागलो. हेतल आणि सुदाम तुकडे टेम्पोकडे वाहत होते. काका जागचे हलले नव्हते. ढिली तार मुठीत होती आणि चेहरा अजून वरच लागलेला. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"धनेश," त्यांनी आभाळाकडे तोंड करून हाक मारली, "उतरलास का रे? मला आता काय कळत नाय."

मी खाली बसलो आणि त्यांचा हात ओढून माझ्या छातीवर ठेवला.