एक आडवी रेघ

“सर, तो पेपर मोजू नका. तो चुकीचा आहे,” माया रामटेके तिसऱ्यांदा म्हणाली.

प्राचार्य रुपराव सरांनी चहाची बशी बाजूला सारली. “मॅडम, सत्तेचाळीस सायटेशन हायेत त्याले. सत्तेचाळीस जागी तुमचा उल्लेख. गणिताच्या यादीत तुम्ही पयल्या. आन् तुम्ही म्हणता, चुकीचा?”

“चुकीचा आहे म्हणूनच उल्लेख आहेत, सर. लोक लिहितात, रामटेकेबाई इथं चुकल्या, तुम्ही चुकू नका.”

सर मनापासून हसले. “मंग नाव त झालं ना? कोण शिव्या देऊन राहिला, कोण ओव्या गाऊन राहिला, मशीनले काय समजते? मशीन मोजते.”

मायाची कानशिलं तापली. पाच वर्षांपूर्वी तिनं सिद्ध केलं होतं की डावीकडची राशी उजवीकडच्या राशीपेक्षा नेहमी लहानच असते. एका अपवादात दोन्ही समान होतात, हे निसटलं. पण ती चूक सगळ्यांत आधी तिलाच सापडली होती. तिची लेक चिन्मयी तेव्हा तान्ही, पिता पिता मांडीवर झोपलेली. हललं की उठायची. हाताशी एक पेन आणि औषधाचं रिकामं खोकं. खोकं उसवून त्याच्या पाठीवर मायानं ती समानता पकडली. नुसती पकडली नाही, ती का होते तेही मांडलं. इतकं नेटकं काम तिच्या हातून आधी झालं नव्हतं, नंतरही नाही. तो दुसरा पेपर रीतसर छापून आला. चूक दाखवणारे चूक दाखवत राहिले. दुरुस्ती कुणी उघडलीच नाही. त्या पेपरचे उल्लेख शून्य.

“उद्या तपासणीला येणाऱ्या समितीला मी दुसरा पेपर दाखवते. वाचू दे त्यांना.”

“वाचतील कवा? एका दिवसात तीन कॉलेज हायेत त्यांच्या मागं.” सरांचा आवाज खाली आला. “कंत्राटावरच्या एकालेच पर्मनंट करणार हायेत. यादीत पयला राहीन, त्याले. तो पेपर काढला त तुम्ही तळाशी. काहून आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेता? आधी पर्मनंट व्हा, मंग खुशाल खरं बोला.”

ती उठली. दार लोटून थेट गेटकडे निघाली.

दुपारपाळीसाठी हिंगण्याच्या कारखान्यात निघालेला तिचा नवरा अश्विन चिन्मयीला कॉलेजच्या गेटवर सोडून गेला होता. शिपाई सिंधूताईंच्या कडेवर बसून ती वर बघत होती. गेटवर नवाकोरा पिवळा फ्लेक्स लागला होता. त्यावर मायाचा, आधारकार्डावरचा असावा तसा, घाबरलेला फोटो. ‘शहरातील अग्रगण्य गणितज्ञ’. आणि खाली, लाल, हातभर मोठ्या अक्षरांत, तिचं सूत्र.

जुनं. चुकीचं. ‘लहान’ या चिन्हाखाली ‘किंवा समान’ची रेघ नसलेलं.

“पाय वं चिनू, कशी चमकून राहिली तुई आई,” सिंधूताई म्हणाल्या.

“ताई, मार्कर आहे का ऑफिसात? जाड, काळा.”

मार्कर आला, स्टूलही आलं. माया वर चढली तसा सिंधूताईंचा चेहरा उतरला. “मॅडम, काहून खराब करून राहिल्या? सर माह्यावर बोंबलतील ना. पाच मिनिट झाले नाही लावून.”

“एक रेघच काढते.”

“एवढुशा रेघेनं काय होते?”

“नोकरी जाते,” माया म्हणाली.

सिंधूताई हसल्या, मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. एका हातानं त्यांनी स्टूल धरलं.

उद्या समितीतलं कुणीतरी विचारणारच, एवढीच रेघ हातानं का काढली? मग जुना पेपर चुकला होता, हे सांगावंच लागेल.

तिनं टोक टेकवलं. गुळगुळीत फ्लेक्सवर शाई धरेना; रेघ उमटली आणि थेंब होऊन ओघळली. तिनं ओढणीनं पुसून पुन्हा ओढली. पुन्हा ओघळली. खालून चिन्मयीनं हात वर केले, “मला पन, मला पन.” सुटलेली पोरं थांबून बघू लागली, एकानं मोबाईल काढला.

मायानं फ्लेक्सवर फुंकर घातली, गरम दुधावर घालते तशी, आणि तीच रेघ पुन्हा गिरवायला घेतली.