हातोड्याच्या दांड्याचा रोलर

मित्रांनो, मी एक जुना लाकडी रोलर आहे. वीतभर लांब, अंगभर बोथट काटे. माझा जन्म मात्र हातोड्याचा दांडा म्हणून झाला. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मी लोखंड बडवायचो, आणि खरं सांगतो, मला त्यात मजा यायची.

माझा मालक वाल्मीक लेथवर, म्हणजे कातकामाच्या मशीनवर, काम करायचा आणि दिवसाला दोन बंडलं बिड्या ओढायचा. खोकला थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी त्याला दम भरला, "असंच चाललं तर फुप्फुसं कामातून जातील." त्यांनी बिडी सुटण्यासाठी गोळ्या दिल्या आणि जोडीला अ‍ॅक्युप्रेशर शिकवणाऱ्या मोहिनीताईंकडे पाठवलं.

"तलफ आली की रोलर तळहातावर हळू फिरवा, लांब श्वास घ्या," ताईंनी सांगितलं. "पण गोळ्या सोडायच्या नाहीत. रोलर नुसता मदतीला आहे."

विकतचा रोलर कशाला, म्हणून वाल्मीकने मलाच हातोड्यातून उपटलं आणि लेथवर चढवून माझ्यावर काटे पाडले. मी तयार झाल्यावर तो म्हणाला, "आता गोळ्या कशाला? हा हाय की!" त्याने गोळ्या बंद केल्या. लेथवाल्याची अक्कल ती, सैल वाटलं की आवळायचं. तलफ वाढली की तो मला आणखी जोरात दाबायचा. त्याचे तळहात सोलवटले, माझे काटे रक्ताने माखले. रोगापेक्षा औषध भयंकर! तलफ हटेना आणि डोकं मात्र भडकत गेलं. त्याने ताट भिरकावलं, आरसा फोडला, सोबत काम करणाऱ्या गेणूला चहाच्या टपरीवर लाथांनी तुडवलं. का, तर गेणूने त्याच्यापुढे बिडी धरली.

गोळ्या बंद केल्याच्या नवव्या दिवशी त्याची बायको दीपमाला हिला डब्याच्या पिशवीत बिड्यांचं बंडल सापडलं. तिने ते मोरीतल्या बादलीत बुडवलं. वाल्मीकने ओरडत मला फेकून मारलं. दीपमाला खाली वाकली. मागे त्यांची आठ वर्षांची भाग्यश्री उभी होती. मी तिच्या भुवईवर आदळलो.

मित्रांनो, मी इतकं लोखंड बडवलं, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता.

दीपमालाने मला उचलून नवऱ्याच्या डोक्यावर उगारलं. "हाणू आता? सांगा, हाणू का?"

"नको मम्मी," डोळ्यात उतरलेलं रक्त पुसत भाग्यश्री म्हणाली. "त्यांना बिडी आणून दे. पप्पा बिडी ओढायचे तेव्हा मारायचे नाहीत."

वाल्मीकने लेकीला उचलून आपल्या डॉक्टरांकडे नेलं. पोरीला पाच टाके पडले. त्याच दवाखान्यात त्याने डॉक्टरांपुढे कबूल केलं, "गोळ्या मीच सोडल्या होत्या, साहेब." मग गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, दर आठवड्याला ताईंकडे जाणं सुरू झालं, आणि मी हळूहळू तळहातावर फिरू लागलो. बिडी सुटून आता दोन वर्षं झाली.

मित्रांनो, माझ्याकडून मदत जरूर घ्या, पण सगळा भार माझ्यावर टाकू नका. मी शेवटी लाकूड आहे, ज्याच्या हातात असेन त्याचाच राग माझा होतो. वाल्मीक आता मला फार जपून उचलतो. तरीही त्याचा हात माझ्याकडे वळला, की भाग्यश्री अजून डोळे घट्ट मिटून घेते.