डोंगरावरची आई

कृपा नुकती भिंतीला धरून उभी राहायला लागली होती, तेव्हा रेबेकाच्या खोकल्यातून रक्त पडलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि तिचा नवरा दानीएल याला बाजूला घेऊन सांगितलं, की क्षय आहे, लेकराला जवळ ठेवू नका, आणि जमलं तर हिला उंच जागी, मोकळ्या हवेत न्या.

दानीएल कोल्हारच्या शाळेत मास्तर होता. त्याची विधवा बहीण रोझी घरातच असे. तिला मूलबाळ नव्हतं. लेकराची काळजी करू नकोस, एवढंच ती म्हणाली आणि कृपाला कडेवर घेऊन आतल्या खोलीत गेली. रेबेकानं लेकीचा मुका घेतला नाही. उंबऱ्याबाहेरूनच डोळे भरून बघितलं आणि ती गाडीत बसली.

लढाईचे दिवस होते. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटर चढाला दमायची, उतारूंना खाली उतरवायची. राजूरच्या पुढं बैलगाडी. उसाचा मुलूख मागं पडला, काळे कातळ लागले, भाताची खाचरं लागली, आणि एका वळणावर भंडारदऱ्याच्या धरणाचं पाणी समोर आलं. पलीकडं रतनगड, अलीकडं कळसूबाई, मधे आभाळाएवढं निळं पाणी. प्रवरा इथूनच आपल्या गावाकडं येते, असं दानीएल म्हणाला. रेबेकानं तेवढं एकच मनाशी धरून ठेवलं.

धरणाकाठच्या शेंडी गावात बनुबाईनं तिला घराची पडवी दिली. बनुबाई एकटीच राहायची. या दुखण्याला गाव भीत होतं, ती भ्याली नाही. शेळीचं दूध, नागलीची भाकरी, सकाळचं ऊन. पावसाळ्यात धुकं घरात शिरायचं, समोरचा डोंगर महिना महिना दिसायचा नाही, तेव्हा बनुबाई तिची बाज चुलीजवळ ओढायची. रेबेका पडल्या पडल्या लेकीचं वय मोजायची. आता बोलत असेल. आता परकर नेसत असेल.

दानीएल सुट्टीत यायचा आणि कृपाचं काय काय सांगायचा. एक गोष्ट मात्र त्यानं कधी सांगितली नाही.

चव्वेचाळीस सालच्या थंडीत डॉक्टरीणबाईंनी वर येऊन तिला पुन्हा तपासलं. रोग गेला होता. लेकीला जवळ घ्यायला आता हरकत नव्हती. फक्त काही वर्षं खालच्या धुळीत राहू नका, असं त्या म्हणाल्या. म्हणून नाताळ झाल्यावर दानीएल कृपाला वर घेऊन आला, आईजवळ कायमची ठेवायला. ती रुळेपर्यंत सुट्टीभर तोही राहणार होता.

चार वर्षांची पोर गाडीतून उतरली आणि बापाच्या धोतरामागं लपली. रेबेका खाली बसली, हात पुढं केले.

"कृपा, ये. मी आई."

पोरीनं मान हलवली. "आई घरी आहे."

रेबेकानं नवऱ्याकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता. पोर पहिल्यापासून रोझीलाच आई म्हणत होती. त्यानं समजावलं होतं, डोंगरावर तुझी दुसरी आई आहे म्हणून. रोझीनंही समजावलं होतं. पोरीचे कपडे रोझीनंच बांधून दिले होते, पण निरोप द्यायला ती बाहेर आली नव्हती.

"लेकरू हाय, रुळंल," बनुबाई म्हणाली. रेबेकालाही तसंच वाटलं. तिनं गुळाचे लाडू केले, पाण्यावरचे बगळे दाखवले, वेणी घालायला घेतली. कृपा गुमान बसायची. रडायची नाही. मागितलं तर पाणी मागायची, तेही "अहो" म्हणून. ताटातलं अन्न तसंच राहायचं. अंग कढत लागायला लागलं. दुपारभर ती पडवीच्या कडेला बसून रस्त्याकडं बघायची. एकदा तिनं विचारलं, हे पाणी कुठं जातं? रेबेका हरखली. म्हणाली, आपल्या कोल्हारला जातं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला पोर पडवीत नव्हती.

दानीएल रस्त्यानं धावला, बनुबाई वस्तीत शोधायला गेली. रेबेकाला कालचा पाण्याचा प्रश्न आठवला. ती तडक धरणाच्या भिंतीखाली उतरली, जिथून नदी निघते तिथं. शेवाळलेल्या दगडांवरून, पाण्याच्या अगदी कडेनं, आपलं बोचकं छातीशी धरून कृपा चालली होती. हाक मारली तर दचकून पाय घसरेल, म्हणून रेबेका मुकाट्यानं मागून गेली आणि तिला उचललं.

"कुठं निघालीस गं?"

"आईकडं."

"मीच तुझी आई आहे, बाळा."

तेव्हा पोर पहिल्यांदा रडली. हुंदके देत म्हणाली, "डोंगरावरची नको. घरची पाहिजे."

रेबेका तिला घेऊन तशीच दगडावर बसली. पोरीच्या केसांना अजून रोझीच्या हातच्या तेलाचा वास होता. इतकी वर्षं हे अंग कुशीत घ्यायचं म्हणून ती जगली होती, आणि ते अंग कुशीतून सुटायला धडपडत होतं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं, "उद्या हिला खाली न्या."

"अगं, थोडं थांब. सवय होईल."

"होईलही. पण एकदा आई तुटली तिची. ते तिला कळलंही नाही. आता तुटली तर कळेल."

दानीएल बराच वेळ बोलला. तिनं ऐकलं आणि पोरीचे कपडे बांधले.

सकाळी घरी जायचं कळल्याबरोबर कृपा भाकरी दुधात कुस्करून पोटभर जेवली. गाडीत बसताना तिनं आपण होऊन रेबेकाचा हात धरला. "तुम्ही पण या आमच्या घरी," म्हणाली. रेबेका म्हणाली, येईन.

गाडी हलली. बनुबाईनं आत बोलावलं, पण रेबेका घरामागच्या टेकाडाकडं वळली आणि चढत राहिली. माथ्यावरून सगळं पाणी दिसत होतं, राजूरकडचा उतार दिसत होता, त्यावर मुंगीएवढी गाडी. एवढा चढ चढूनही छातीत कळ आली नव्हती, श्वास लागला नव्हता. ती चांगली खणखणीत बरी झाली होती. गाडी वळणाआड गेली, तशी ती कातळावर बसली आणि त्या निरोगी छातीनं मोठ्यानं रडली.