लॉर्ड किनलॉकीचे घास

वैभवीचा पाय फावड्याला लागला. सवयीनं ती वाकली, फावड्याला हात लावला आणि तो छातीशी नेला. परीक्षक मिस्टर हॉलरॉइडनी वहीतून मान वर काढून विचारलं, छातीत दुखतंय का? नाही, म्हणाली ती, पाय लागला म्हणून माफी मागितली. फावड्याची? हो, फावड्याची. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

लिहू देत. आठवडाभर लीड्सच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे आणि वीकेंडला हौशी लोकांनी जपलेल्या या जुन्या वाफेच्या रेल्वेवर राख उपसायची, असं तिचं तीन वर्षं चाललं होतं. फायरमनच्या, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालणाऱ्याच्या, परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. आज तिसरी आणि शेवटची खेप. हुकली, की कायमची तिकीट खिडकी.

इंजिनाचं नाव लॉर्ड किनलॉकी. स्कॉटलंडच्या एका जुन्या सरदार घराण्याचं हे नाव, नव्वद वर्षांपूर्वी पितळी पाटीवर चढलेलं. घराण्याची रीत अशी, की आपल्या नावाचं इंजिन न थांबता घाट चढलं, तर घरातल्या थोरल्यानं वरच्या स्टेशनात उतरायचं आणि हातमोजा काढून फायरमनशी हात मिळवायचा. अडकलं, तर जागचं हलायचं नाही. मागच्या वर्षी लेडी किनलॉकी हलल्या नव्हत्या. आजही पहिल्या डब्यात त्याच होत्या, वय वर्षं एक्क्याऐंशी. दुसऱ्या डब्यात तिचा नवरा प्रणव, आणि त्याच्या मांडीवर त्यांची चार वर्षांची आर्या.

घाटाच्या मधल्या वळणावर वाफेच्या दाबाचा काटा घसरायला लागला. दोनशेवरून एकशेऐंशी, मग एकशेसाठ. ड्रायव्हरनं तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. मागच्या दोन्ही खेपांना इथंच घाबरून तिनं फावड्यांवर फावडी कोळसा ओतला होता, आणि आग काळी पडली होती.

आताही हात शिवशिवले. पण साताऱ्याला बाबा अंघोळीचा बंब पेटवायचे, ते आठवलं. तिनं एकदा बंब गच्च भरून ठेवला, तेव्हा घरभर धूर झाला होता. बाबा रागावले नव्हते, नुसते म्हणाले होते, "कोंबू नये गं. भरवावं." आर्याचंही तेच. घास मोठा झाला, की कार्टी तोंडच मिटते.

वैभवीनं फावडं ठेवलं. लांब लोखंडी सळई आत घालून आग अलगद उचलली, खालून वारा लागू दिला. हॉलरॉइडची पेन्सिल थांबली. मग तिनं फावड्याच्या टोकावर मावेल तेवढाच कोळसा घेतला. एक घास डाव्या कोपऱ्यात, एक उजव्या. जरा थांबून आणखी एक. जाळ पिवळा झाला, पांढरा झाला. काटा थरथरला आणि वर निघाला.

लॉर्ड किनलॉकी माथ्यावर पोचला, तो जास्तीची वाफ डोक्यावरच्या झडपेतून उडवत, गर्जत.

लेडी किनलॉकी काठी टेकत उतरल्या, हातमोजा काढला आणि वैभवीचा काळा हात घट्ट धरला. आपला हात मात्र त्यांनी पुसला नाही. आर्या प्रणवच्या कडेवरून आपल्या लीड्सच्या मराठीत ओरडली, "आई, तू सगळा काळा झाला!"

हॉलरॉइडनी वही मिटली. "पास," ते म्हणाले. खाली उतरताना त्यांचा बूट फावड्याला लागला. ते थबकले, इकडंतिकडं पाहिलं, वाकून फावड्याला हात लावला आणि छातीशी नेला.

"उजवा हात लावायचा असतो, सर," वैभवी म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाकून उजवा लावला.