होडीतला मामा

चष्मेवाल्यांचं जगात कुणाशीही वाकडं नव्हतं. एक साडू सोडला, तर.

साडू रेडिओवर निवेदक होता. नोकरीतून निवृत्त झाला, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. "घरातलं मीठ संपलंय" हे वाक्यसुद्धा तो असं म्हणायचा की ऐकणाऱ्याला मिठाबद्दल हळहळ वाटावी. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्याच्या घरी चौघांची बैठक भरे: दोघी बहिणी आणि त्यांचे दोघे नवरे. महिनाभरात कुणी काय वाचलं ते सांगायचं, मग दोघी बहिणींनी त्यातलं सगळ्यात आवडलेलं पुस्तक निवडायचं. ते ज्याने सुचवलेलं असेल त्याने खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे बघत चहा प्यायचा, असा नियम. त्या खुर्चीला आता साडूच्या पाठीचा आकार आला होता.

चष्मेवाल्यांनीही पुस्तकं सुचवून पाहिली होती. भिंगांचा इतिहास, खंड पहिला. बायकोने तो मन लावून उघडला आणि त्यावरच गाल टेकून झोपली. साडूने सुचवलेल्या पुस्तकात मात्र ती अशी बुडायची की गॅसवरचं दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली टपकू लागे. मधेच खुदकन हसायची.

"काय झालं गं?"

"तुम्हाला नाही कळायचं. आधीचं वाचायला हवं."

बायको परक्या पुरुषाकडे बघून हसली असती, तर सरळ भांडण तरी काढता आलं असतं. परक्या पुरुषाने दिलेल्या पुस्तकाकडे बघून हसते, याची तक्रार कुठे करायची?

त्या महिन्यात साडूने नदीवर होड्या चालवणाऱ्या घराण्याची जाडजूड कादंबरी बायकोच्या हातात ठेवली. नावाने हाक मारायचं सोडून तो तिला लाडाने "धाकटी" म्हणत असे, हेही चष्मेवाल्यांना खुपायचं. "धाकटे, शेवटचं प्रकरण रुमाल घेऊन वाच," तो म्हणाला. बायकोने तिथेच पदर सावरला.

आणि दोनच दिवसांत ती स्वतःच्या चष्म्यावर बसली.

चष्मेवाल्यांना देव पावला. नवी भिंगं झटपट बसवून चष्मा तयार झालासुद्धा, पण तो गेला दुकानाच्या खणात, पुसायच्या फडक्यांखाली. "भिंगं यायची आहेत," ते घरी म्हणाले.

"अहो, दुकानात एवढे चष्मे टांगलेत!"

"दुसऱ्याच्या नंबराने डोळे जातात. उभा जन्म या धंद्यात गेला माझा."

"बरं," बायको म्हणाली. "मग तुम्ही वाचून दाखवा."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. रोज दुपारी दुकान मिटून आलं की ती पलंगाला टेकून बसे आणि चष्मेवाले साडूचं पुस्तक वाचत. कादंबरी चांगली होती, हे तर फारच जिव्हारी लागलं. तिसऱ्या दुपारी होडीवाल्याचा तरुण मुलगा पुरात झेप घेतो असा प्रसंग आला. बायकोचे डोळे भरू लागले. ते पाणी साडूच्या नावे जमा होणार होतं. चष्मेवाल्यांना राहवलं नाही. पानावर नजर ठेवून त्यांनी गंभीरपणे वाचलं, "इतक्यात काठावरून मामा ओरडला, 'अरे, उडी मार, पण माझी छत्री आधी इकडे दे!'"

पुस्तकात मामा नव्हता. छत्रीही नव्हती.

पुस्तकाची माती व्हावी, एवढाच हेतू. पण बायको अशी हसली, अशी हसली, की पलंग करकरला. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "आज मामा आहे ना?" मग मामाला यावंच लागलं. त्याला होडी लागायची. तो पाण्याला घाबरायचा आणि नावाड्यांना वल्ही कशी मारावीत ते काठावरून शिकवायचा. होडीवाल्याचा म्हातारा बाप मरणशय्येवर होता तेव्हा मामा पलंगाखाली आपली चप्पल शोधत होता. चष्मेवाले दुकानात गिऱ्हाइकाचं नाक मोजतानासुद्धा मामाचा विचार करू लागले. पुढे पुढे त्यांना मामाचाही हेवा वाटू लागला. आपल्या कुठल्या बोलण्यावर ही कधी इतकी हसली होती?

शेवटचा रविवार उजाडला. आधी ताईंनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीने, आपल्या महिन्याचं वाचन सांगितलं आणि कौल धाकटीवर सोपवला.

"मला होडीवाल्यांची कादंबरी," बायको म्हणाली. "इतकं सुंदर पुस्तक मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं."

साडूने मान लववली. आवाज खाली उतरवला. "रुमाल लागला की नाही?"

"लागला ना, हसून हसून. तो मामा! भाऊजी, काय माणूस आहे तो!"

चष्मेवाल्यांनी कप खाली ठेवला. आता पितळ उघडं पडणार. आपलंच.

साडूने मान डोलावली. मग डोळे मिटून गहिवरला. "मामा! मामा म्हणजे त्या कादंबरीचा प्राण! लेखकाने काय जीव ओतलाय त्याच्यात!"

"आणि ती छत्री?"

"छत्रीचा प्रसंग मी दोनदा वाचला, धाकटे. तिसऱ्यांदा धीर होईना."

चष्मेवाल्यांना ब्रह्मांड आठवलं. या माणसाने पुस्तक उघडलेलंसुद्धा नव्हतं! वरच्या वर, मलपृष्ठ वाचून वर्षानुवर्षं आरामखुर्ची उबवत होता! एका वाक्यात त्याला खुर्चीतून उठवता आलं असतं. फक्त ते वाक्य बोलायचं तर आधी खणातला चष्मा बाहेर काढावा लागत होता. ते चहा प्यायले. साडू त्यांच्या मामावर, त्यांच्या छत्रीवर, त्या खुर्चीत रेलून बसला.

"साडूबुवा, तुम्हीही वाचा कधीतरी," तो प्रेमाने म्हणाला. "वेळ काढा."

परतताना चष्मेवाले झपाझप पुढे चालत होते. बायको मात्र घराच्या तळमजल्यावरच्या त्यांच्या दुकानाशी थांबली. किल्ली मागून घेतली, आत गेली, खण उघडला, फडकी बाजूला केली आणि चष्मा नाकावर चढवून बाहेर आली.

"छान दिसतंय," ती म्हणाली. "मागे फडकं घ्यायला आले होते, तेव्हाच सापडला होता हा. शिवणाच्या डब्यातल्या जुन्या चष्म्याने जरा डोकं दुखायचं. सकाळी तुम्ही दुकानात असलात की तोच लावून वाचायची मी. पुढे काय होणार ते माहीत असलं की दुपारी मामाची जास्त मजा येते."

चष्मेवाल्यांना जमीन दुभंगावी असं वाटलं. ती दुभंगली नाही. "मग तिथे मामाचं नाव कशाला काढलंस?"

"भाऊजींनी वाचलंय का, ते बघायचं होतं. गेली कित्येक वर्षं शंका होती."

"आणि तरी खुर्ची त्याला?"

"बसू दे हो. त्यांना घरी मामा कुठे आहे?"

वर आल्यावर तिने कपाटातून एक पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. भिंगांचा इतिहास, खंड पहिला.

"उद्यापासून हे," ती उशी पाठीला लावत म्हणाली. "मात्र छापलंय तसं वाचाल तर बघा."