चौथ्या पानावरची सूचना

फिनलेकाकांचं घर गार पडलं होतं. त्यांच्या बहिणीनं, पेगीमावशीनं, स्टोर्नोवे शहरातल्या वृद्धाश्रमात त्यांच्यासाठी खोली बघून ठेवली होती. शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. मी गेले मंगळवारी.

गेले ते माझ्या कामाला. बेटावरच्या घरांत हीट पंप, म्हणजे विजेवर घर ऊबदार ठेवणारी यंत्रं, कशी बसवावीत, कशी वापरावीत, याची मार्गदर्शिका आम्ही नव्यानं लिहीत होतो. छापण्याआधी दहा घरांत मसुदा वाचून दाखवायचा होता. हे सहावं घर.

"ये एफी. कोट काढू नकोस, पस्तावशील," काका म्हणाले.

मावशी हातमोजे घालूनच चहा ओतत होती. "पंपाची बाहेरची ती पेटी मेलीय बघ. हा सत्तरीचा विणकर. बोटं आखडल्यावर माग कसा चालवणार?"

"आणि तुझ्या आश्रमात जाऊन काय विणू? जांभया?"

मी पंप तपासला. ठणठणीत. नळ्या, दाब, सगळं जिथल्या तिथं. भिंतीला हात लावला, तर ती बांगडा माशाच्या पोटासारखी गार.

"रात्री बंद करता का, काका?"

"नऊला. सकाळी सातला चालू, तीस अंशांवर. दुपार टळली की जरा कोमट होतं, तोवर निजायची वेळ."

"बंद का करता पण?"

काकांनी खणातून आमचीच जुनी पुस्तिका काढली. चौथं पान, खाली पेन्सिलीची रेघ: 'गरज नसताना यंत्र बंद ठेवावे.'

वाक्य माझं होतं. तेलाच्या बॉयलरसाठी लिहिलेलं, पंप आले तेव्हा तसंच पुढं उतरवलेलं. बॉयलर तासाभरात घर तापवतो. पंप बिचारा सावकाश चालणारा; भिंतींचा दोन हात जाडीचा दगड रात्रीतून निवला, की दिवसभर त्यालाच ऊब देत बसतो. माझ्या काखेतल्या नव्या मसुद्यातही ते वाक्य होतंच.

मी समजावलं. काका बधेनात. "रात्रभर चालू? वीज काय पावसासारखी पडते?"

"चुलीत पीट, दलदलीतल्या मातीच्या त्या वाळक्या वड्या, जाळत होतात, तेव्हा रात्री काय करायचात?"

"राखेखाली झाकायचो. विस्तव विझवतं का कुणी? आई झाकताना म्हणायची,

निखाऱ्या नीज, पण मरू नको,
उजाडेतो घर माझं सोडू नको."

म्हणता म्हणता काका पंपाच्या बटणाकडे बघू लागले.

"मग या गरिबालाच का रे रोज मारतोस?" मावशी म्हणाली.

मी पंप एकोणीसवर लावला, बटणावर चिकटपट्टी मारली. "शुक्रवारपर्यंत हात लावायचा नाही."

शुक्रवारी स्वयंपाकघरात एकोणीस होतं, निजायच्या खोलीत अठरा. मीटर आधी रोज जेवढा फिरायचा, साधारण तेवढाच फिरला होता. काका बाह्या सरसावून कुरकुरत होते, "पहाटे पांघरूण लाथाडलं मी. असं कधी झालं नव्हतं."

त्यांच्याच टेबलाशी बसून मी मसुद्याच्या चौथ्या पानावरचं ते वाक्य खोडलं. लिहिलं: 'हा विस्तव विझवू नये, रात्री झाकून ठेवावा, म्हणजे यंत्र मंद, पण अखंड चालू द्यावे.' मार्गदर्शिका तपासणाऱ्या समितीत कुणीतरी विचारणारच, यंत्रात विस्तव कुठला? विचारू दे. सांगेन.

पलीकडे मावशी फोनवर होती. "ती खोली दुसऱ्या कुणाला द्या. नाही हो, गेला नाही. चांगला आहे. भांडतोय माझ्याशी."